आवाज कसला ते नंतर, कधी येतो ते आधी बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काय काय काळजी घ्यावी यावर लेख आला होता तो वाचला. टायर, वायपर, ब्रेक, बॅटरी सगळं नीट लिहिलंय, पण जुन्या फोर व्हील ड्राईव्ह, म्हणजे चारी चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांबद्दल त्यात एक ओळ पण नव्हती म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आमच्या भोर भागात, तिकडं वेल्हे, पोलादपूर, जावळी, अकोले, जिथं जिथं डोंगर आहे तिथं अजून जुन्या महिंद्राच्या जीपा, मारुतीच्या जिप्सी, फोर बाय फोर बोलेरो रोज कामावर आहेत. दूध आणायचं, आजारी माणूस खाली आणायचा, शेणखत टाकायचं, सगळं त्यांच्यावर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, जिप्सी १९८५ ला आली आणि २०१९ पर्यंत बाजारात मिळत होती, म्हणजे आज रस्त्यावर असलेली नव्यातली नवी जिप्सीसुद्धा तशी जुनीच म्हणायची. आणि या गाड्या बोलतात. खालून काही ना काही आवाज चालूच असतो, आणि त्या आवाजाचं काय करायचं हेच लोकांना कोणी सांगत नाही. काही जण दुर्लक्ष करतात आणि घाटात अडकतात, काही जण घाबरून गॅरेजला जातात आणि नको ते काम करून येतात. मी दोन्ही केलंय.

आधी माझंच सांगतो. आमच्याकडं १९९१ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, डिझेल. त्याआधी वडिलांची सीजे ३बी होती, पेट्रोल. तर काही वर्षांपूर्वी या ५४० ला मागून एक घणघण सुरू झाली, ३५-४० च्या पुढं गेलं की सुरू, आणि वेग वाढेल तशी वाढत जायची. मी गॅरेजला गेलो आणि गेल्या गेल्या काय सांगितलं तर "हाउसिंगमधून आवाज येतोय, क्राऊन-पिनियन गेलेलं दिसतंय." हाउसिंग म्हणजे एक्सलचं मधलं पोट, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे त्यातली शाफ्टची फिरकी चाकांकडं वळवणारी दातांची जोडी. इथंच चूक झाली. मी आवाज कधी येतो ते सांगितलंच नाही, रोगाचं नावच सांगून टाकलं, आणि त्या माणसानं पण गाडी चालवून न बघता हाउसिंग उघडलं. नवीन क्राऊन-पिनियन, बेअरिंगं, सील, मजुरी, सगळं बदललं आणि गाडी घेऊन निघालो तर घणघण तशीच, उलट आता एक नवीन कुंईं असा आवाज वाढला जो आधी नव्हता. नंतर आमच्याच गावातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं माझ्या शेजारी बसून दोन किलोमीटर चक्कर मारली, मला डावीकडं उजवीकडं थोडं थोडं वळवायला लावलं, आणि म्हणाला डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग. उजवीकडं वळलं की गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, आवाज वाढायचा. डावीकडं वळलं की कमी व्हायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय सोडला काय, काही फरक नव्हता. क्राऊन-पिनियनचा आवाज असता तर पाय दाबल्यावर वेगळा आणि सोडल्यावर वेगळा आला असता, कारण दाबल्यावर दात एका बाजूनं घासतात आणि सोडल्यावर चाकं इंजिनाला ओढतात तेव्हा दुसऱ्या बाजूनं. एवढी साधी गोष्ट. बेअरिंग बदललं, घणघण गेली.

त्या दिवसापासून मी आवाजाला नाव देणं बंद केलं. डॉक्टरकडं गेल्यावर आपण "कधी दुखतं, जेवल्यावर की उपाशीपोटी" हे सांगतो ना, तसंच गाडीचं आहे. पाय दाबल्यावर येतो की सोडल्यावर, सरळ रस्त्यावर की वळताना, टू व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पण येतो की फक्त फोर व्हीलमध्ये, न्यूट्रल केल्यावर थांबतो का, गाडी गरम झाल्यावर वाढतो का, रस्ता बदलल्यावर बदलतो का. एवढं जरी मालकानं वहीत लिहून नेलं तरी चांगला मेकॅनिक निम्मं काम न उघडता करतो.

ज्यांना खालची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनमधून क्लच, क्लचमधून गिअर बॉक्स, तिथून ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढं आणि मागं वाटणारी पेटी, आणि ट्रान्सफर केसमधून दोन प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे फिरणारे लांब दांडे, एक मागच्या एक्सलला आणि एक पुढच्या. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. एक्सलच्या पोटात क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल, म्हणजे डाव्या उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, तिथून चाकं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअर बॉक्सपासून वेगळा आहे, रबरी माउंटिंगवर बसवलेला, त्यामुळं मधे एक तिसरा छोटा शाफ्ट पण येतो. म्हणजे साध्या कारच्या मानानं इथं फिरणारे, घासणारे, ढिले होणारे भाग कितीतरी जास्त, आणि प्रत्येकाची बोली वेगळी.

सगळ्यात आधी आवाज करतो तो क्रॉस. आणि तो सुरुवातीला इतका बारीक असतो की लोकांना पक्षी वाटतो. चिक चिक चिक चिक, हळू चालवताना, गल्लीतनं भिंतीच्या कडेनं जाताना जास्त ऐकू येतो, वेग वाढला की बाकीच्या आवाजात बुडतो म्हणून लोक म्हणतात गेला. तो गेलेला नसतो. क्रॉसच्या चार टोकांना ज्या वाट्या असतात त्यात सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात, त्यातलं ग्रीस संपलं किंवा पाणी शिरलं की त्या सुया कोरड्या पडतात आणि चिवचिवतात. खाली वाकून बघितलं तर वाटीच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसते, गंजाची. ती भुकटी दिसली की तो क्रॉस बदलायचाच, मग ग्रीस मारून आवाज थांबला तरी. ही चिवचिव ऐकून वेळेत बदलला तर काम अर्ध्या दिवसाचं आहे.

चिवचिवीकडं लक्ष दिलं नाही तर पुढची पायरी खट्. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खट्, रिव्हर्स टाकला की खट्, उतारावर पाय सोडून परत दाबला की खट्. आता हा खट् एकट्या क्रॉसचाच असतो असं नाही. शाफ्टच्या स्लिप जॉइंटच्या, म्हणजे मागंपुढं सरकणाऱ्या सांध्याच्या, स्प्लाइन (खाचा) झिजल्या असतील, क्राऊन-पिनियनची चाल वाढली असेल, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट ढिले असतील तर अख्खा एक्सल थोडासा पिळतो त्याचा पण खट् येतो, जिप्सीत ट्रान्सफर केसचं रबर फाटलं असेल तरी येतो. मला एका ओळखीच्या जिप्सीवाल्यानं सांगितलं की त्यानं दोन्ही शाफ्टचे सगळे क्रॉस बदलले आणि शेवटी निघालं काय तर ट्रान्सफर केसचं एक रबर सुटलेलं, ज्याला हातानं हलवून बघितलं असतं तरी कळलं असतं.

म्हणून हातानं बघायचं. गाडी सपाट जागेवर, चारी चाकांना दगड नाहीतर लाकडी ठोकळे, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खाली सरकून एका हातानं शाफ्ट आणि दुसऱ्या हातानं क्रॉसच्या पलीकडचा फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, धरायचा आणि उलटसुलट पिळून बघायचं, मग वर खाली. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढी सुद्धा चाल असता कामा नये. पिनियनला मात्र थोडी चाल असतेच, ती असायलाच पाहिजे, तिला घाबरून हाउसिंग उघडू नका.

ठोकळ्यांचं मी मुद्दाम लिहितोय, कारण इथं जीव जातो. जुन्या विलीज घडणीच्या जीपांना हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं, शाफ्टच्या तोंडाशी त्याचा ड्रम असतो. त्यामुळं दोन गोष्टी होतात. एक, हँडब्रेक ओढून मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून चालू पडते. दुसरी गोष्ट जास्त वाईट. घाटात मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला तर मागच्या चाकांची ओढ तर गेलीच, इंजिनचा ब्रेक गेला, आणि त्याच शाफ्टवर अवलंबून असलेला हँडब्रेक पण गेला, तिन्ही एकदम. उरतो फक्त पायाचा ब्रेक. आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर टेकलं तर ते जमिनीत रुतून गाडीला मागून उचलायला बघतं. वरंध घाटात भरलेली जीप घेऊन उतरताना ही कल्पना करून बघा. ज्या चिवचिवीला लोक रेडिओ मोठा करून झाकतात तिचा शेवट हा आहे म्हणून मी एवढं पोटतिडकीनं सांगतोय.

आता घरघर, गुणगुण, शीळ या सगळ्या लांबट आवाजांकडं येतो, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथं होते. पहिलं टायर. मोठ्या गुठळ्यांचे चिखलाचे टायर टाकले की डांबरी रस्त्यावर गाडी घुमणारच, आणि तो घुमणारा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा असतो. ओळख एकच, रस्ता बदला. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर, नाही बदलला तर आत बघा. दुसरं चाकाचं बेअरिंग, ते वर सांगितलंच, वळताना बदलतं. तिसरं क्राऊन-पिनियन आणि पिनियनचं बेअरिंग, तिथं पायावर लक्ष ठेवायचं. ठराविक वेगाला दाबल्यावर शीळ, सोडल्यावर बंद, किंवा उलटं. चौथं ट्रान्सफर केस, त्यातले गिअर गातातच, जुन्या जीपमध्ये लो, म्हणजे हळू पण जास्त ओढीचा गिअर, टाकल्यावर तर चांगलंच गातात आणि ते नॉर्मल आहे. आपल्या गाडीचा रोजचा आवाज काय आहे ते कानात बसलेलं असेल तरच बदललेला कळतो, म्हणून गाडी चांगली असतानाच एकदा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, मी ठेवलाय.

एक हिशोब मला फार कामाला येतो. वडिलांच्या सीजे ३बी चे टायर ६.००-१६, एक फेरा झाला की साधारण सव्वादोन मीटर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेचार वेळा फिरणार. त्या गाडीचं क्राऊन-पिनियनचं प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे तेवढ्याच वेळात शाफ्ट जवळजवळ २४ वेळा फिरणार. आता बघा, आवाज ठप ठप ठप असा बोटावर मोजता येत असेल तर तो चाकाचा, म्हणजे टायर, ब्रेक ड्रम, चाकाचं बेअरिंग, तिकडं. मोजता येत नसेल, सलग भुर्रर्र असा पायाखाली थरथरत असेल तर शाफ्टच्या वेगानं फिरणाऱ्या कशाचा तरी. या एका हिशोबानं शोध अर्ध्यावर येतो आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

फोर बाय फोरवाल्यांकडं अजून एक सोय आहे जी साध्या गाडीला नाही. जिप्सीला पुढच्या चाकांना लॉकिंग हब, म्हणजे चाक एक्सलला जोडायची नि सोडवायची सोय, असतात, आमच्या जीपला पण आम्ही नंतर बसवले. हब फ्री करून टू व्हीलमध्ये चालवली की पुढचा शाफ्ट, पुढचं क्राऊन-पिनियन, पुढच्या एक्सलच्या काड्या सगळं थांबतं. हब लॉक करून पण टू व्हीलमध्येच चालवली की ते सगळं फिरतं पण त्याच्यावर जोर नसतो. मग कच्च्या रस्त्यावर फोर व्हील टाकली की जोर पण येतो. एकाच रस्त्यावर एकाच वेगानं या तीन चकरा मारा. आवाज फक्त हब लॉक केल्यावर आला तर तो पुढच्या अर्ध्या भागातला, मागचं हाउसिंग उघडायचा प्रश्नच नाही. आणि फोर व्हीलमध्ये पूर्ण वळवल्यावर पुढून टक टक टक येत असेल तर पुढच्या चाकाजवळचा जॉइंट, जिप्सीला सीव्ही, म्हणजे एकसारख्या वेगानं फिरवणारा जॉइंट, असतो, जीपांना बऱ्याचदा क्रॉस. ताडोबाला गेलो होतो तेव्हा आमची जिप्सी चालवणारा पोरगा एका वळणावर हा टक टक ऐकून लगेच थांबला, खाली उतरून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस बाहेर पडलेलं बघितलं, हब फ्री केले आणि उरलेली फेरी टू व्हीलवर सावकाश पूर्ण केली. पंचवीस एक वर्षांचा पोरगा असेल, पण त्याचा कान तयार होता.

काही आवाज मात्र गाडीचे नसून आपल्या वापराचे असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून फिरवणारे लोक मी दर पावसाळ्यात बघतो, जरा पाऊस थांबून रस्ता वाळला तरी काढत नाहीत. या जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं, दोन्ही एकाच वेगानं फिरणार. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं पण फिरता येत नाही. चिखलात टायर घसरतो आणि भागतं, डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये पिळून साठत जातो, गाडी अडखळल्यासारखी चालते, स्टिअरिंग जड होतं आणि मधेच कुठंतरी धाडकन आवाज करून ताण सुटतो. वर फोर व्हीलची लिव्हर पण अडकते, निघता निघत नाही. तेव्हा लिव्हरवर जोर करू नका, चाकं सरळ करून गाडी चार पावलं मागं घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर अलगद निघते.

आता शाफ्टच्या एका चुकीबद्दल लिहायचंय, ती इतक्या ठिकाणी होते की मला राहवत नाही. क्रॉसनं वाकवून फिरवलेला शाफ्ट एकसारख्या वेगानं फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जरा पुढं पळतो आणि दोनदा मागं पडतो, १० अंशाचा कोन असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक बरोबर उलटा करून तो मिटवतो, पण कधी, तर दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत असतील तेव्हाच. शाफ्टच्या मधला स्लिप जॉइंट सोडवून परत बसवताना स्प्लाइन एखादा घर जरी चुकली तरी ती रेष जाते आणि मग क्रॉस नवाकोरा असूनही गाडी थरथरते. मालक म्हणतो क्रॉस डुप्लिकेट निघाला, मेकॅनिक म्हणतो शाफ्ट वाकलाय बॅलन्स करून आणा, आणि दोष एवढाच की सोडवायच्या आधी खडूनं किंवा पेंटनं खूण केली नाही. एक रेघ मारायला किती वेळ लागतो हो. तसंच उंच दिसावी म्हणून पाटे वाढवून गाडी उचलणाऱ्या पोरांनी पण हे लक्षात घ्यावं, गाडी उचलली की शाफ्टचा कोन वाढतो, कोन वाढला की हा दोनदा पळणं दोनदा थांबणं वाढतं, क्रॉस लवकर जातात आणि थरथर येते.

आणि क्राऊन-पिनियन खरंच बदलायची वेळ आली तर ते बसवणं हे घाईचं काम नाही. माझ्या गाडीत आलेला नवा कुंईं त्याचाच होता. नवीन जोडी आणली आणि जुन्याच शिमवर, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांवर, कसली. आमचे म्हातारे फिटर शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचे, हातानं क्राऊन फिरवायचे आणि दातावर ठसा कुठं पडतो ते बघायचे. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे, टोकाला किंवा बुडाला पडला तर शिम काढघाल करून परत बघायचं, दोनदा, चारदा, येईपर्यंत. शिवाय क्राऊन आणि पिनियन एकमेकांशी जुळवलेली जोडी असते, एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं घालायचं नसतं. पुण्यात नाना पेठेत सगळे पार्ट मिळतात पण जोडीवरचा नंबर जुळतो का ते दुकानातच बघून घ्या.

ऑइलचं दोन ओळीत सांगतो. हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, कारण तिथं दात एकमेकांवर जोरात घसरतात. पण तेच जुन्या गिअर बॉक्समध्ये सरसकट ओतू नका, त्यातली काही रसायनं गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात, तिथं कंपनीनं सांगितलंय तेच घाला. आणि ऑइल बदलताना खालचा नट सोडायच्या आधी वरचा, भरायचा, सुटतो का ते बघा. खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा नट जाम निघाला तर गाडी तिथंच बसली.

पावसाळ्याचा संबंध इथं येतो आणि म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितोय. ओढ्यातून गाडी घातली की एक्सल चालून गरम झालेला असतो, थंड पाण्यात बुडाल्याबरोबर आतली हवा आकसते आणि जिथून जागा मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. त्यासाठी एक्सलवर ब्रीदर, म्हणजे हवा जायायचं बारीक भोक, असतो, पण तो बारीकसा तुकडा चिखलानं बुजलेला असतो आणि त्याच्याकडं कोणीच बघत नाही, मग पाणी ऑइल सीलमधून आत जातं. महिन्या दोन महिन्यांनी गुणगुण सुरू होते आणि मालकाला त्या ओढ्याची आठवण पण नसते. नट उघडून बोट घालून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, ताबडतोब बदला. खालच्या नटाला बारीक चमचम चिकटलेली असेल तर फार घाबरू नका, पण टोकदार तुकडे निघाले तर गाडी चालवू नका. ओढ्यातून आलं की दोन दिवसांत सगळ्या क्रॉसना ग्रीसगन मारायची, चारी वाट्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. एकाच वाटीतून आलं आणि तीनमधून नाही आलं तर त्या तीन कोरड्याच आहेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना एक सावधगिरी. हाउसिंगचा आवाज काही दिवसांपुरता दाबता येतो. जाड ऑइलमध्ये ग्रीस, आणि लाकडाचा भुसा सुद्धा. माझ्या मेहुण्यानं घेतलेल्या जीपच्या हाउसिंगमधून खरोखर भुसा निघाला, मी स्वतः डबा धरून बसलो होतो. व्यवहाराआधी नट उघडून बोट घाला, कोणी रागावलं तर रागावू द्या.

आवाज ऐकायला जाताना दोघं जा. एकानं चालवायचं, एकानं मागं बसून ऐकायचं, कारण पत्र्याच्या गाडीत आवाज फिरतो आणि चालवणाऱ्याला पुढचा मागं नि मागचा पुढं वाटतो. रिकामा सपाट रस्ता बघा. न्यूट्रल करून बघायचं असेल तर ते सपाटीवरच, घाटात अजिबात नाही. आणि गाडी जॅकवर चढवून इंजिन चालू करून गिअरमध्ये चालवायचा प्रकार घरी करू नका, फोर व्हील चुकून लागलेली असेल तर जमिनीवर असलेली चाकं गाडी पुढं फेकतात.

संपादक साहेब, माझी विनंती आहे की पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पेपरात या विषयावर एखाद्या जाणत्या फिटरशी बोलून अर्धं पान तरी द्यावं. आमच्या भागातले जुने फिटर आता सत्तरीकडं गेलेत, त्यांचा कान त्यांच्याबरोबर जाईल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथली पोरं हुशार आहेत, नव्या गाड्यांचे दोष दाखवणारा स्कॅनर सराईतपणे लावतात, पण या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. डोंगरी तालुक्यातल्या आयटीआयनी एक जुनी जीप वर्कशॉपला ठेवावी, एखादा क्रॉस मुद्दाम कोरडा, एखादं बेअरिंग खराब घालून पोरांना डोळे मिटून ऐकायला लावावं. गॅरेजवाल्यांना पण हात जोडून सांगणं आहे की पाना हातात घ्यायच्या आधी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारा, त्या चकरेचे पैसे घ्या, आम्ही देऊ.

सध्या आमच्या जीपला चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास पाय सोडला की बारीक शीळ येतेय, दाबला की जाते, वळताना फरक नाही, काँक्रीटवर पण तशीच. पिनियनच्या बेअरिंगवर संशय आहे पण गॅरेजला ते बोलणार नाही, फक्त वहीतलं पान दाखवणार. ऑइल उघडून बघितलं, पाणी नाही. वरंध घाटात पाऊस लागायच्या आत उघडून घेणार आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
भोर, जि. पुणे